वायर कुणाकडे आहे?

आमच्यापैकी कुणीतरी त्या दिवशी दार वाजवलं नाही.

थंडीने माणूस मेला, असं लिहून मोकळं व्हायला कुणाचं काय जातं? थंडीला कुणी जाब विचारत नाही. टोबिन थंडीने मेला नाही, दार न वाजल्याने मेला. हे वाक्य मी तेव्हा गावभर ओरडून सांगत होते. आज मनातल्या मनात म्हटलं तरी माझा आवाज आपोआप खाली येतो. दिवा राहू द्या तसाच. सांगते.

कॅनडाच्या पार उत्तरेला, युकॉनमध्ये, कर्लिंग या बर्फावरच्या खेळाच्या जुन्या हॉलमागे मोकळी जागा आहे. त्या हिवाळ्यात तिथे आमचे चार पिकअप ट्रक उभे होते, प्रत्येकाच्या पाठीवर एकेक कॅम्पर. कॅम्पर म्हणजे काय, तर पलंग, शेगडी, बाकडं आणि छोटं दार असलेली एक पेटी. उन्हाळ्यात लोक हौसेने त्यात राहतात. आम्ही हिवाळ्यात राहत होतो, कारण गावात भाड्याची खोली मिळणं आमच्यासारख्यांच्या आवाक्यात राहिलं नव्हतं. माझं नाव मारेन. मी नुकतीच कॉलेज संपवून आले होते आणि या प्रकाराविरुद्ध गावच्या प्रत्येक सभेत उभी राहून भांडत होते. सोलांज एका खाणावळीत स्वयंपाकी होती. टोबिन बर्फावरची स्लेजगाडी ओढणाऱ्या कुत्र्यांच्या वाड्यावर काम करायचा, बावीस वर्षांचा पोरगा. आणि चौथा क्लेटन, म्हातारा, आयुष्यभर ट्रक चालवून आता दुखरे गुडघे घेऊन बसलेला.

कॅम्पर गरम ठेवणं हेच तिथलं अर्धं आयुष्य. हीटर गॅसवर चालतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर, आणि थंडीत बॅटरीचा जीव निम्म्याने कमी होतो. उणे चाळीसच्या खाली तर सिलिंडरमधला गॅस वर यायलाच तयार नसतो, तळाशी पाण्यासारखा पडून राहतो. मग सिलिंडरला विजेची गोधडी गुंडाळायची, बॅटरी चार्जिंगला लावायची. म्हणजे वीज हवीच. आणि वीज होती हॉलच्या मागच्या खांबावर, एका प्लगपुरती. दोघांनी एकदम ओढली की फ्यूज उडालाच.

म्हणून आमची एक लांब नारिंगी वायर होती आणि नंबर ठरलेले होते. सोलांज, मग क्लेटन, मग टोबिन, मग मी, मग परत सोलांज. आपला तास संपला की वायरचं टोक पुढच्याकडे न्यायचं आणि त्याच्या भिंतीवर दोन ठोके मारायचे. आतून दोन ठोके आले की खालच्या छोट्या झडपेतून टोक आत सारायचं. दार कुणी उघडायचं नाही, एकदा उघडलं की तासाभराची ऊब भुर्रकन बाहेर. पण आतून उत्तर आलं नाही, तर मात्र दार उघडून आत शिरायचंच. त्या थंडीत गप्प असलेल्या माणसाचीच काळजी करायची असते.

टोबिनला ठोके मारून गप्प बसणं जमायचंच नाही. झडपेतून ओरडायचा, "मॅडम, आपली ऊब आली आहे, सही करा!" त्याच्या अंगाला सदा ओल्या कुत्र्यांचा वास. सोलांज म्हणायची, "याला विजेची काय गरज? वाड्यावरची दोन कुत्री आणून झोप म्हणावं." तो म्हणायचा, "कुत्रीच तयार नाहीत. म्हणतात, तुझ्या पायांचा वास येतो."

डिसेंबरात एक दिवस तो तापाने घरी राहिला. क्लेटन तर घरीच असायचा. सोलांज आणि मी कामावर. वायर दिवसभर त्या दोघांतच फिरणार होती.

साडेतीनला मी परतले तेव्हा अंधारून आलं होतं. वायर क्लेटनच्या आणि टोबिनच्या कॅम्परच्या मधे बर्फात पडलेली दिसली. कुणालाच जोडलेली नव्हती. थंडीने ती काठीसारखी ताठ झाली होती, उचलली तेव्हा अख्खी वर आली. मी टोबिनच्या भिंतीवर दोन ठोके मारले. काही नाही. दार उघडलं.

तो बाकड्यावर बसला होता. अनवाणी. बूट दाराशी नीट जोडीने ठेवलेले, मोजे घडी करून त्यांच्यात. पापण्यांवर पांढरं दव. अगदी शेवटी थंडीतल्या माणसाला उकडायला लागतं म्हणतात, कपडे काढतो तो. त्याने बूट तेवढे काढले होते. पाय शेजारी शेजारी, जणू कुणी 'वर घे रे, फरशी गार आहे' म्हणायची वाट बघत होते.

मी किती वेळ ओरडत होते ते मला आठवत नाही. सोलांजने मला बाहेर ओढलं.

डॉक्टर म्हणाले, सकाळी नऊ-दहाच्या सुमारालाच गेला असावा. आणि क्लेटन? तो म्हणाला, "मी आठला वायर दिली. परत दहाला, बाराला, दोनला दिली; तास झाला की मीच झडपेतून ओढून घ्यायचो. दर वेळी ठोकलं. दर वेळी आतून दोन ठोके आले."

"बाराला?" मी विचारलं. "दोनला?"

"हो."

"मेलेला माणूस ठोके देत होता?"

"मी ऐकलं ते सांगितलं, पोरी."

"आणि वायर बर्फात कशी?"

"दोनला मी झडपेतून आत सारली होती, मग माझा डोळा लागला. बाहेर कशी आली, देव जाणे."

तुम्हीच सांगा, यावर कोण विश्वास ठेवेल? दिवसभर वायर स्वतःकडे ठेवली, ऊब घेत लोळत पडला, आणि आम्ही यायच्या वेळी बर्फात फेकून दिली. मला हे दिव्यासारखं स्पष्ट दिसत होतं. पोलिसांनी दोन प्रश्न विचारले आणि खांदे उडवले. टोबिनला घेऊन गेले. बूट मागेच राहिले. ते मी माझ्याकडे आणून ठेवले, त्याची आई येणार होती म्हणून. कॅम्पर उचलून न्यायला टोचनवाला चौथ्या दिवशी दुपारनंतर येणार होता.

त्या चौथ्या दिवशी पारा उणे सेहेचाळीसवर गेला.

दुपारी आम्ही तिघं सोलांजच्या कॅम्परमध्ये बसलो. तिने वाटाण्याचं सूप केलं होतं. क्लेटनने वाटी हातात धरली होती, पीत नव्हता.

मी म्हटलं, "खरं सांगेपर्यंत याला वायर मिळणार नाही."

सोलांज दचकली. "अगं, वेडी आहेस का? बाहेर बघ. याच्या ट्रकचं इंजिन गोठलंय, सिलिंडर बसलाय. वायर नाही म्हणजे..."

"टोबिनलाही मिळाली नव्हती."

"अगं मारेन!" सोलांज ओरडली.

"पेट्रोल पंपावर जाऊन बसू दे. नाहीतर सांगू दे. एक वाक्य आहे फक्त. 'मी ठोकलं नाही.' एवढं म्हण, क्लेटन, लगेच वायर देते."

क्लेटनने वाटी खाली ठेवली. "कॉलेजात हेच शिकवतात का, पोरी? ऊब देऊन खोटं बोलून घ्यायचं?"

"खोटं तू बोलतोयस."

"मी बारा वाजता भिंतीला कान लावला होता," तो हळू आवाजात म्हणाला. "ठोके जरा खालून आले. बाकड्याच्या उंचीवरून. मला वाटलं, तापात आहे, बसून ठोकतोय... मी म्हटलं, बरा आहेस ना रे? तर परत दोन ठोके." तो उठला, गुडघे कुरकुरले. "सूप छान झालंय, सोलांज."

तो गेला. सोलांज माझ्याकडे बघत नव्हती. मीही तिच्याकडे पाहिलं नाही. माझं बरोबर होतं. कुणीतरी कधीतरी जाब विचारायलाच हवा, नाहीतर चाललंय तसंच चालत राहतं. असं मी स्वतःला सांगितलं आणि माझ्या नंबरची वायर जोडून तासभर हात गरम केले. क्लेटनच्या खिडकीत उजेड नव्हता. तो येऊन दार वाजवेल याची मी वाट बघत होते. तो आला नाही.

तास झाल्यावर मी वायर सोलांजकडे दिली. दोन ठोके, आतून दोन ठोके. तिच्यानंतर आता सरळ माझा नंबर होता.

अंधार पडला. सोलांजचा तास संपला असणार. वायर आली नाही. बराच वेळ झाला तरी आली नाही. माझ्या हीटरचा पंखा कण्हायला लागला, मग थांबला. मला वाटलं, सोलांजने दया येऊन माझ्या पाठीमागे क्लेटनला दिली. मी चिडून बूट चढवले आणि बाहेर पडले.

त्या थंडीत वास नसतो. नाकातले केससुद्धा गोठतात, बर्फाला, धुराला, कशालाच वास येत नाही. आवाज मात्र लांबवर जातो. माझ्या प्रत्येक पावलाला बर्फ करकरत होता.

मी सोलांजच्या दारावर मूठ आपटली. "वायर कुठाय?"

तिने दार फटीएवढं उघडलं. "तुलाच तर दिली."

"मला?"

"तू ठोकलंस. मी झडपेतून टोक बाहेर सारलं, तू ओढून घेतलंस. म्हटलं, एवढी कसली घाई हिला, स्वतःच घ्यायला आली..."

"मी आले नव्हते, सोलांज."

 ती कोट चढवून टॉर्च घेऊन बाहेर आली.

खांबापासून आम्ही वायरच्या मागे निघालो. सोलांजच्या कॅम्परवरून ती पुढे गेली होती. क्लेटनच्या कॅम्परशी पोचलो. त्याचं दार सताड उघडं होतं. आत टॉर्च मारला, तर पलंग रिकामा, गोधडी नाही, सगळीकडे पांढरं दव. वायर तिथेही थांबली नव्हती.

ती टोबिनच्या कॅम्परकडे गेली होती. खालच्या झडपेतून आत.

आणि टोबिनच्या खिडकीत पिवळा उजेड होता.

"बॅटरी तर... मेली होती ना?" सोलांज पुटपुटली.

तेवढ्यात मला वास आला. ओल्या कुत्र्यांचा, ऊबदार, केसाळ वास. त्या थंडीत, जिथे कशालाच वास येत नाही.

"क्लेटनच शिरलाय," मी म्हटलं. मला तसंच असायला हवं होतं. "म्हातारा आत शिरून बसलाय. जिवंत आहे, चांगलंच आहे की."

मी भिंतीवर दोन ठोके मारले.

आतून दोन ठोके आले. लगेच. खालून, बाकड्याच्या उंचीवरून.

"क्लेटन?"

आत काहीतरी हललं. मग त्याचा आवाज आला, अगदी भिंतीला लागून, पण वरून, उभ्या माणसाचा. "मारेन... ऐकलंस ना आता?"

"क्लेटन, दार उघड. तुला वायर मिळेल. मी चुकीचं... तू उघड तर आधी."

"ऐकलंस ना?"

"हो, ऐकलं. ठोकलंस तू."

 हीटरचा पंखा आत छान, एकसारखा फिरत होता.

"माझे दोन्ही हात काखेत आहेत गं," क्लेटन म्हणाला. "मी नाही ठोकलं."

सोलांजने माझा दंड इतका घट्ट धरला की कोटातून नखं लागली. मी दाराची कडी ओढली. कडी बर्फाने चिकटलेली, हलेना. मी लाथ मारली. सोलांज फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणत होती, परत परत, एकच ओळ.

मागून मोठा उजेड पडला. टोचनवाला आला होता. त्याची गाडी उंच, आमच्या डोक्याच्या वर त्याची केबिन. त्याने गाडी टोबिनच्या कॅम्परला खेटून उभी केली. आम्हाला खालून नुसती पिवळी काच दिसत होती. त्याला वरून सरळ आत दिसत असणार. त्याने आपल्या केबिनची काच खाली केली, कॅम्परच्या आत डोकावला, आणि आत बघत हात वर केला, ओळखीच्या माणसाने हात केल्यावर आपण करतो तसा.

मग तो आमच्याकडे वळून वैतागून म्हणाला, "मला सांगितलं होतं गाडी रिकामी आहे म्हणून! आतल्या दोघांना आधी उतरवा, मग उचलतो. आणि त्या पोराला बूट घालायला सांगा गं, अनवाणीच बसलाय."