कुलपाचं तोंड खाली

दिवा जरा इकडे सरकव, बेबी. वात वाढवू नकोस, एवढा उजेड पुरे. तू इतक्या दिवसांनी आलीस, विचारलंस, म्हणून सांगते, नाहीतर या घरात आता कुणी काही विचारत नाही.

गेल्या वर्षी पौषात मी आणि तात्या गोदीत श्यामदादाची मोटारसायकल सोडवायला गेलो. काम साधंच होतं. दोन सह्या करायच्या, हातगाडी ठरवायची आणि गाडी गिरगावात आणायची. आदल्या वर्षी गिरगावात गोळीबार झाला. त्यानंतर काही महिन्यांनी दादा बोटीनं बसऱ्याला गेला आणि तिथून एकटाच मोटारसायकलवर विलायतेला निघाला. बगदादच्या पुढच्या वाळवंटात त्याची गाडी सापडली. रस्त्याच्या कडेला एका लोखंडी खांबाला चेननं बांधून कुलूप लावलेली. हातमोजे नीट घडी करून सीटखाली खोचलेले. दादा मात्र नव्हता. ना पावलं, ना रक्त, ना कपडा.

"कुलूप शाबूत, म्हणून विमा शाबूत," गोदीतला विम्याचा माणूस तात्यांना म्हणाला. "चेन तोडली असती, तर कंपनी म्हणाली असती, मालकानं गाडी उघडी टाकली होती. म्हणून गाडी सोडवताना तिथल्या लोकांनी खांबच कापला, साहेब."

मी वाकून पाहिलं. चेन मागच्या चाकाच्या आऱ्यांतून दोनदा घेतलेली आणि कुलपाचं तोंड खाली. दादाच तो. तोंड वर ठेवलं की आत पाणी जातं, वाळू जाते, असं त्यानंच मला शिकवलं होतं. वरळीच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवायलाही त्यानंच शिकवलं होतं. आत्याला कळू नये म्हणून तेव्हा मी त्याची जुनी पँट घालायची.

वाडीत गाडी जिन्याखाली उभी केली. आई खाली आली. दादाची बातमी आल्यापासून ती जिना उतरली नव्हती. तिनं कुलपाला हात लावला आणि चक्क हसली.

"कुलूप लावून गेलाय. म्हणजे परत यायचंय त्याला."

कुलपाला दोन किल्ल्या होत्या. एक दादाकडे, दुसरी आईच्या कुंकवाच्या करंड्यात. मी ती मागितली. गाडी अशी पडून राहिली तर गंजेल, म्हटलं.

"त्यानं लावलंय, तोच काढेल," आई म्हणाली.

वर्षभर मी त्या जिन्यावरून चढले-उतरले. कॉलेजला जाताना, सभांना जाताना, लाठी खाऊन परत येताना. रोज ती गाडी दिसायची. मला ती हवी होती, बेबी. मी सगळ्यांना सांगायचे की पासपोर्ट काढीन आणि त्याच रस्त्यानं जाऊन दादाला शोधीन. तसं म्हणायला बरं वाटायचं. पण रात्री डोळे मिटले की दादा दिसायचा नाही. दिसायचा तो नुसता लांबच्या लांब रस्ता, आणि हँडलवर माझे हात.

मग दुर्गाआत्यानं विषय काढला. दादा तिच्या स्वप्नात येऊन पाणी मागतो म्हणे.

"तहानलाय हो पोर माझा," ती तात्यांना म्हणाली. "किती लटकवत ठेवायचं त्याला? विधी करून मोकळा करा."

बेपत्ता माणसाचा विधी तुला ठाऊक आहे. पळसाचे देठ मांडून माणूस करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. बारा वर्षं थांबायची रीत. पण तात्यांची छाती दुखू लागली होती, आणि गुरुजींनी त्यातून वाट काढून दिली. या म्हाताऱ्यांना हव्या त्या वेळी हवं ते शास्त्र बरं सापडतं! मी एरवी घर डोक्यावर घेतलं असतं.

आई ऐकेना. शेवटी सगळे तिच्याभोवती बसले तेव्हा ती माझ्याकडे बघून म्हणाली, "पदी म्हणेल तसं. ती शिकलेली आहे. असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नाही. ती सांगेल खरं काय ते."

तिला वाटलं होतं, मी नाही म्हणेन.

माझी नजर करंड्याकडे गेली. गेलेल्या माणसाच्या वस्तू वाटून टाकतात, हे माझ्या मनात आलं. बेबी, दादा आहे की नाही, हे तर मनातही आलं नाही.

"करा," मी म्हणाले. "असेल तिथे सुटेल तरी."

 आई उठली आणि तांदूळ निवडायला बसली.

विधीच्या दिवशी गॅलरीतच गुरुजींनी देठांचा माणूस मांडला. हात, पाय, बरगड्या. उंची दादाएवढी. निघताना ते उंबऱ्यात थांबून म्हणाले, "एक सांगून ठेवतो. आता तो आपल्यासाठी गेला. उद्या समजा दारात उभा राहिला, तरी तसाच घरात घ्यायचा नाही. तुपाच्या पात्रात बुडवून, नव्यानं जन्मल्यासारखे सगळे संस्कार करून, मगच. तोवर हाकही मारायची नाही."

"कमाल आहे तुमची!" मी म्हटलं.

"कमाल कसली, ताई? शास्त्र आहे."

पुरुषमंडळी तो घेऊन चंदनवाडीच्या स्मशानात गेली. आईनं करंडा उघडला आणि कुंकवानं माखलेली किल्ली माझ्या हातावर ठेवली. मला पुसायलाही सुचलं नाही.

वर्षभर खाऱ्या हवेत पडलेलं ते कुलूप किल्ली लावताच उघडलं. आदल्या दिवशीच तेल दिल्यासारखं. टाकीत पेट्रोल ओतलं, एक किक मारली, आणि गाडी सुरू झाली. मी किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात अडकवली आणि निघाले. चौपाटी, वाळकेश्वर, पुन्हा चौपाटी. लोक थांबून बघत होते. एक म्हातारा "अहो बाई!" म्हणून ओरडला, त्याला मी हॉर्न दिला. लाज वाटते सांगायला, पण मी गात होते. त्याच वेळी तिकडे चंदनवाडीत नारळ फुटत होता.

दिवेलागणीला परतले. वाडीच्या तोंडाशी आले आणि इंजिन बंद पडलं.

मी कशालाही हात लावला नव्हता. गाडी तशीच पुढे घरंगळत निघाली, फरशीवरून, टायरांचा बारीक सरसर आवाज करत. तुला आठवतं? दादा असाच यायचा. तात्यांची झोप मोडू नये म्हणून वाडीच्या तोंडाशी इंजिन बंद करायचा आणि आवाज न करता आत यायचा. गाडी जिन्याखाली आपल्या जागी थांबली. मी ब्रेक लावला नव्हता. तापलेल्या तेलाचा वास येत होता आणि त्यात दुसराच एक कोरडा वास. उन्हात भाजलेल्या मातीचा.

वरून तात्यांचा आवाज आला. "श्याम...?"

मग कुणीतरी, बहुतेक आत्यानं, त्यांचं तोंड दाबल्यासारखं झालं.

मी चेन हँडलवर तशीच टाकली. कुलूप मुद्दाम लावलं नाही. गाडी आता माझी होती, आणि वाट बघायला कुणी उरलं नव्हतं.

सकाळी चेन चाकातून दोनदा घेतलेली होती. कुलूप लागलेलं. तोंड खाली.

किल्ली माझ्या गळ्यात होती, बेबी. मी ती घालूनच झोपले होते.

आधी वाटलं, तात्यांचं काम. त्यांच्यावर ओरडले. त्यांनी हात माझ्यापुढे धरला. "या हातानं मी अग्नी दिलाय, पदे. मी त्याच्या गाडीला हात लावीन?" मी कुलूप काढलं. संध्याकाळी इथेच बसले होते. दिवे लागले आणि, गाडी जिन्याखालीच उभी असताना, वाडीच्या तोंडापासून तो आवाज आला. इंजिन नाही. नुसते टायर. सरसर येऊन जिन्याखाली थांबले. मग चेन आऱ्यांतून ओढल्याचा आवाज, एकदा, दोनदा, आणि कुलपाची टक्. पण जिन्यावर पाऊल वाजलं नाही. तेव्हापासून रोज हेच. मी सकाळी कुलूप काढते. तो संध्याकाळी लावतो. आणि खालीच थांबतो.

"तू गेलास म्हणून सांगितलंय ना त्याला सगळ्यांनी मिळून," आई म्हणाली. "वर कसा येईल?"

तिनं मला एका शब्दानंही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. ती फक्त लोणी कढवायला लागली. तुळसा गवळणीकडून रोज लोणी येतं. कढवून गार झालं की ती ते पितळेच्या मोठ्या हंड्यात ओतते. तो हंडा बघ, कोपऱ्यात आहे. आत्या विचारते, "एवढं तूप कशाला, वहिनी?" आई पुढचं लोणी चुलीवर चढवते.

हजारो माणसांच्या सभेत मी घोषणा देते. गुरुजींच्या तोंडावर हसते. पण रोज दिवेलागणीला जिन्याच्या कठड्याशी जाते, खाली अंधारात कुणीतरी उभं असतं, आणि "दादा, वर ये" एवढंच माझ्याच्यानं म्हणवत नाही. शास्त्राला मी भीत नाही गं. तो वर आला आणि त्यानं विचारलं, "हो कोण म्हणालं?" तर?

आज सकाळी आई देवाजवळ होती, म्हणून तूप मी ओतायला गेले. झाकण दगडाखाली असतं, मांजराच्या भीतीनं मीच दगड ठेवते. दगड जागच्या जागी होता. झाकण काढलं. कालचं तूप वर पांढरं, गुळगुळीत गोठलं होतं. त्याच्या मधोमध हाताचा ठसा होता. बोटं पसरून आतून वर रेटल्यासारखा.

बेबी, तो हात तान्ह्या मुलाच्या हाताएवढा होता. आणि पाचही बोटांच्या टोकांना चेनचं काळं ग्रीस होतं.

मी झाकण ठेवलं. आईला अजून सांगितलेलं नाही. थांब... बोलू नकोस. टायर ऐकू येतायत?