मुनशीनं अंग झाडलं नाही

आमचा बोकड कागद खायचा. वीजबिल, लग्नपत्रिका, दवाखान्याची नोंदवही, काही म्हणून सोडायचा नाही. म्हणून त्याचं नाव मुनशी. माझ्या बायकोनं, हिरामणीनं, त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. आम्हाला मूलबाळ नाही. घरात लाड करून घ्यायला तो एकटाच, आणि ते काम तो अगदी मन लावून करायचा.

यंदा देवाला बोकड द्यायची पाळी आमच्या घराची होती. आमच्या कुल्लूकडच्या डोंगरात देव जबरदस्ती करत नाही. बोकडाच्या पाठीवर पाणी शिंपडायचं. त्यानं अंग झाडलं की होकार. तीनदा शिंपडूनही झाडलं नाही, तर तो जन्मभर मोकळा. पण अंगावर पाणी पडल्यावर कुठलं जनावर गप्प राहतं? हिरा आठ दिवस धड जेवली नव्हती.

मी जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. देव देवाच्या जागी, औषध औषधाच्या जागी. सकाळी गोठ्यात जाऊन मुनशीला गुंगीचं औषध टोचलं, तेही बेतानंच. उभा राहील, पण पाठीवर बर्फ ठेवला तरी ढिम्म हलणार नाही. हिराला सांगितलं, तर आधी ती रागावली, मग खुदकन हसली आणि मला तुपात बुडवलेले दोन सिड्डू जास्तीचे वाढले.

देवळाच्या फरसबंद अंगणात दुपारचं ऊन चांगलं तापलं होतं. नगारे वाजत होते, बायका हातात हात घालून नाचत होत्या, जळत्या देवदाराचा वास सुटला होता. हिरा मुनशीची दोरी धरून उभी होती.

"दिलेराम, तुझा मुनशी पेंगतोय की काय?" नोखू चाचा ओरडला. देव त्याच्याच तोंडून बोलतो, पण थट्टा त्याची स्वतःची. "रात्रभर अर्ज खरडत बसला होता वाटतं!"

अंगणभर हशा पिकला. चाचानं ओंजळभर पाणी शिंपडलं. मुनशी दगडासारखा उभा. मी मनातल्या मनात म्हटलं, शाब्बास रे पठ्ठ्या!

पण हिरा शहारली. खांद्यापासून टाचेपर्यंत. तुषार उडाले असतील, म्हणून मी तिची बाही चाचपली. बाही कोरडी होती.

दुसऱ्यांदा चाचानं अख्खा तांब्या ओतला. मुनशीच्या पोटाखालून पाणी ओघळत राहिलं. हिराची मान हलली, मग पाठ, मग कंबर. जनावर झाडतं ना अंग, अगदी तसं. तिची नथ किणकिणली.

"थंडी वाजतेय का गं?"

"नाही हो," ती नवलानं हसली. "उलट बरं वाटतंय."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, बोकडाकडे कुणीच बघत नव्हतं.

मी पुढे झालो. "चाचा, थांबा. मीच औषध टोचलंय त्याला. चूक माझी आहे. दुसरा बोकड देतो. दोन देतो!"

कुणी चिडलं नाही. चाचानं मायेनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ठाऊक आहे रे आम्हाला. आपल्या जनावरासाठी माणूस काय काय करत नाही? तुझ्या बापानं तर अफू चारली होती."

मी दोन वर्षांचा असताना माझी आई याच जत्रेत पाय घसरून दरीत पडली, असं मला सांगितलेलं होतं. मी चाचाकडे बघत राहिलो.

तिसऱ्या वेळी तांब्या रिकामा होता. चाचानं नुसती बोटं झटकली.

हिरानं अंग झाडलं.

केवढा जयजयकार झाला! बायका धावत आल्या. "भाग्याची गं बाई!" म्हणत कुणी तिचे गाल कुरवाळले, कुणी कडकडा बोटं मोडली. मी तिचं मनगट घट्ट धरलं.

"हिरा, घरी चल. आत्ताच्या आत्ता!"

"वेडे आहात का?" ती हळूच म्हणाली. "सगळे खोळंबलेत ना."

कुणीतरी मुनशीच्या गळ्यातला हार काढून आणला. तो बोकडाच्या मापाचा. तिच्या डोक्याच्या रुमालावरून खाली उतरेना.

हिरानं स्वतःच रुमाल सोडला, नीट चौघडी केली आणि माझ्या हातात दिला.

"धरा जरा," म्हणाली, आणि मान खाली घातली.