साडू पुढे चालत होता

सरकून बसा जवळ. ही हकीकत माझ्या शेजारच्या लिफ्टवाल्याची. त्याच्याच तोंडून ऐकलीय, आणि तो थापा मारणारा माणूस नाही.

मागच्या डिसेंबरात तो परगावी एका दवाखान्याची लिफ्ट दुरुस्त करायला गेला होता. बरोबर त्याचा साडू. साडू शाळेत भूगोल शिकवतो, रजा शिल्लक होती म्हणून फिरायला आलेला. लिफ्टच्या मोटरचा एक पार्ट यायचा होता, तो उद्यावर गेला. नऊ तारीख, मंगळवार, दुपारचे दोन. लॉजच्या खिडकीत तो डोंगर उभा. कॅलेंडरवर असतो ना, तोच.

साडू म्हणाला, "वीस वर्षं पोरांकडून याची उंची घोकून घेतोय. एकदा पाय तरी लावून येऊ."

"या बुटांवर?"

"अर्ध्यातून फिरू की मागे. कोण बघतंय?"

अर्ध्यावर गेले, तर माथा अगदी हाकेवर वाटला. आणखी थोडं, आणखी थोडं करत सहा वाजले. परत फिरले आणि धुकं उतरलं. स्वतःचा हात दिसेना. मोबाइलमध्ये चारच टक्के, म्हणून यानं टॉर्चही लावला नाही. साडू पुढे, हा मागे. साडूचा आवाज तेवढा यायचा.

"ये. वाट सरळ आहे."

त्या आवाजामागे हा दोन तास चालला असेल. आठ वाजून चाळीस मिनिटांनी याचा फोन वाजला.

साडूचा.

"अरे, आहेस कुठे? मी खाली पायथ्याच्या फाटकापाशी पोचून अर्धा तास झाला. हाका मारून घसा बसला माझा."

हा जागीच थबकला.

पुढून, चार पावलांवरून, साडूच्याच आवाजात...

"कोणाचा फोन?"

हातातला फोन विझला.

"ये ना. वाट सरळ आहे."

हा खाली बसला. हातानं पुढे चाचपलं. दगड... दगड...

मग काहीच नाही.

तसाच मागे सरकत गेला. पाठ कातळाला टेकली. गुडघे पोटाशी घेतले, डोळे मिटले.

"ये."

आता बायकोच्या आवाजात. "अहो, या ना."

मग बराच वेळ काही नाही.

मग त्याच्या स्वतःच्या आवाजात.

"ये..."

कानाशी.

त्यानंतर शांत. पहाटेपर्यंत.

उजाडल्यावर साडू फाटकावरच्या दोन रखवालदारांना घेऊन आला. हा तसाच बसलेला. समोर चार हातांवर कडा तुटलेला, खाली नुसतं पांढरं धुकं. रात्री दगडावर बर्फाचा पातळ थर धरला होता.

त्या थरावर अनवाणी पावलं उठलेली. कड्याच्या टोकापासून सुरू होऊन सरळ याच्या गुडघ्यांपर्यंत आलेली. मागे कातळ.

परत गेलेलं एकही नव्हतं.