फ्लो स्विचवरचा पहारा

स्नेहलतागंजातल्या त्या इस्पितळाच्या तळघरात इंजिनीअर यशोधरा उतरली ती निव्वळ फिल्टर साफ करायला. मे महिन्यातली रणरणती दुपार. वर थिएटरात एका शिक्षिकेच्या हृदयावर शस्त्रक्रिया चालू होती. तेवढ्यात पाणी थंड करून तिथली हवा गार ठेवणारं चिलर बंद पडलं.

पाइपात बसवलेल्या फ्लो स्विचचा दिवा लाल झाला होता. वस्तू म्हणाल तर एवढीशी. पाण्यात एक पातळ पातं लोंबत असतं. धारेनं ते ढकललं की वरची दांडी कलते आणि मगच चिलर चालतं. पाणी थांबलेलं असताना ते चाललं, तर आत बर्फ होऊन नळ्या फुटतात.

"मॅडमजी, पंप तो चालू आहे," ऑपरेटर संताजी म्हणाला. "प्रेशर पण बराबर आहे. स्विचच खराब झालाय. जंपर मारून द्या ना, ऊपर पेशंट आहे."

जंपर म्हणजे वायरचा तुकडा लावून स्विचचं तोंड बंद करायचं. सगळीकडे तेच करतात. जुने ऑपरेटर दौलतराव मात्र करू देत नसत. घराणं होळकरांच्या घोडदळातलं, घरी तलवार होती; पण खंडेनवमीचं झेंडूचं फूल ते या स्विचला वाहायचे. लोक हसायचे. यशोधराला मात्र त्या माणसाचं फार कौतुक होतं. मागच्या उन्हाळ्यात ते इथेच, या पाइपाशी बसल्या बसल्या गेले.

तिने वायर लावून स्क्रू आवळले. वायर गळून पडली. पुन्हा आवळले. या वेळी तिचं मनगट कुणीतरी हलकेच बाजूला सारलं. स्पर्श गार होता…

"रहने दो, मॅडमजी…" संताजी कुजबुजला. "ते ऐकणार नाहीत."

तिने पाइपाला कान लावला. आत चिडीचूप. व्हॉल्व्हचं चाक फिरवलं, तर ते नुसतंच गरगरलं. आतली झडप निखळून पडली होती आणि पाणी तिथेच अडलं होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला निघालो होतो आपण, तिच्या मनात आलं. जंपर टिकला असता तर चिलर फुटलं असतं, आणि वर ती बाई… यशोधराचे डोळे भरून आले.

तिने पंप थांबवून राखीव लाइन जोडली. मग स्विच एकदा बघून घ्यावा म्हणून, वायरी तशाच ठेवून, खोलून बाहेर काढला.

त्याला पातंच नव्हतं. मोडल्या जागी क्षाराची जाड पुटं चढली होती. मोडून वर्ष तरी झालं असावं. पात्यावाचून दांडी कलणं शक्य नाही, आणि चिलर तर वर्षभर रोज चाललं होतं.

पाइपाच्या भोकाला बूच मारून ती म्हणाली, "लावा पंप."

पाणी खळाळत निघालं. तिच्या तळहातावरच्या कोरड्या स्विचची दांडी हळूच कलली. दिवा हिरवा झाला, चिलर सुरू झालं.

तिने अंगठ्याने दांडी मागे सारून पाहिली. ती हलेना. पलीकडून कुणीतरी तितक्याच जोराने, पण फार सांभाळून, ती दाबून धरली होती.