भुकेचा हिरवा उजेड

इन्क्युबेटरच्या खोलीचं दार तिनं कोपरानं ढकललं आणि ती उंबऱ्यातच थबकली. तिच्या जिवाणूंच्या फ्लास्कवर कुणीतरी वाकलं होतं. हातात थेंब सोडायची पिपेट, ओठांत शीळ.

"अहो... काय करताय?"

तो दचकला. शेजारच्या टेबलावरचा नवा संशोधक. सदा पळत असायचा, म्हणून लॅबनं त्याचं नाव ठेवलेलं 'वादळ'. आणि ती मंद वाढणाऱ्या जिवाणूंच्या मागे लागलेली, म्हणून 'गोगलगाय'.

"न्याहारी देतोय," तो म्हणाला. "रोज माझ्या जिवाणूंचं थोडं पाणी काढतो, थोडं ताजं खाद्य घालतो. तुमचे बाजूलाच, उपाशी बिचारे... म्हटलं, शेजारधर्म."

तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. फ्लास्कमध्ये मात्र इतके आठवडे एकही चमकला नव्हता.

"उपाशीच ठेवायचे असतात ते!"

"आँ?"

"पोट भरलेलं असलं की ते नुसती वाढीची जनुकं वाचत सुटतात. खाणं सरलं, वाढ मंदावली, की पेशीत एक वेगळं प्रथिन जमतं. जनुकं वाचणाऱ्या यंत्राचा हात धरतं आणि त्याला दुसरीकडे नेतं — तग धरायच्या जनुकांपाशी. त्यातल्या एकाला मी हिरवा उजेड जोडलाय. मंदावले तरच दिसणार. आणि तुम्ही..."

"...मंदावूच दिलं नाही." त्याचा चेहरा पडला. "गाईड मॅडम तुमचा विषय काढून घेणार म्हणतात, तो माझ्यापायी?"

"उद्या संध्याकाळपर्यंत दिसलं नाही, तर घेतीलच."

आता चिडायला हवं होतं. राग शोधत ती मनाच्या तळाशी जाऊन आली, हाती भलतंच काही लागलं. रोज सकाळी, तिच्याही आधी येऊन, कुणीतरी तिच्या जिवाणूंची भूक बघत होतं... याला अपराध म्हणावं? की —

छे. काही कळेना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो स्टुलावर येऊन बसला. शीळ नाही, चुळबूळ नाही.

"तुम्ही कशाला थांबलात?"

"पहारा करतोय."

"कुणावर?"

"माझ्यावरच."

तिला हसू आलं. ते लपवायला तिनं मोजणीच्या यंत्रात डोकं घातलं. आकडा चढायचा थांबला होता. वाढ मंदावली होती. तिनं दिवा मालवला, निळा प्रकाश टाकला. आधी काळोखच... मग फ्लास्कच्या तळातून हिरवं काही उमलत आलं — पहाटेच्या गवतासारखं, हळू हळू.

मॅडमना बोलवायला हवं होतं. दोघंही उठेनात. हिरव्या उजेडात त्याचा हात तिच्या हाताशेजारी होता; सरकला नाही, लागलाही नाही.

"मला शिक्षा काय?" त्यानं विचारलं.

"उद्यापासून माझ्या फ्लास्कला हात लावायचा नाही."

"मग सकाळी लवकर येऊन... मी करू काय?"

तिला तरी कुठं ठाऊक होतं? छातीत इतका गोंधळ, की आपलेच ठोके मोजता येईनात.

"ये तू," ती हळूच म्हणाली. "रिकाम्या हातानं."