हॅकेट तळ्यावरच्या खुणा

स्मारकाच्या दगडाचं अनावरण सकाळी दहाला होतं आणि व्हर्ना ऑर्कट साडेनऊलाच पहिल्या रांगेत येऊन बसली होती. जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या बाईला उशिरा पोचणं जमत नाही. लष्करी विमानतळाच्या लोकांनी तळ्याच्या काठावर घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. टेबलावरचं कापड वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्या एका कोपऱ्यावर बटाट्याच्या सॅलडचं भांडं आणि दुसऱ्यावर चेरीच्या गोड पाईची परात ठेवली होती.

हॅकेट तळं हे नावाचंच तळं. हिवाळ्यात वीतभर पाणी साचतं, वारा ते इकडून तिकडे ढकलत राहतो, आणि मे उजाडेपर्यंत सगळं आटून मैलोन्मैल पांढरी, कडक, ताटासारखी सपाट जमीन उरते. मागच्या वर्षीची एकही खूण तिच्यावर राहत नाही. विमानं उतरवायला याहून चांगली जागा नाही, आणि याहून फसवी जागाही नाही. वरून बघणाऱ्याला जमीन दहा फुटांवर आहे की शंभर, तेच कळत नाही.

दगडावर नाव होतं तिच्या नवऱ्याचं, मेजर वेंडल ऑर्कट. जगात कुणी नेलं नव्हतं इतक्या उंचीवर त्याने विमान नेलं होतं. तो विक्रम पुढे मोडला, पण तळ्याकाठच्या लोकांच्या लेखी उंची म्हणजे वेंडलचीच. एका तरुण कॅप्टनने भाषण केलं. त्यात ‘भीती’ हा शब्द मेजर ऑर्कटना ठाऊकच नव्हता, असं तो तीनदा म्हणाला.

व्हर्नाला हसू आलं. प्रत्येक उड्डाणानंतर वेंडलचे पाय असे लटपटायचे की त्याला स्वतः गाडी चालवता येत नसे. तळ्याच्या टोकाला, धावपट्टी म्हणून दरवर्षी नव्याने आखलेल्या काळ्या डांबरी रेघेच्या शेवटी, ती आपली लांबलचक फिरोजी गाडी घेऊन उभी असायची. नियमात बसत नव्हतं, पण विक्रमवीराला कोण अडवणार? “तुझ्या गाडीचं टप दिसलं की जमीन कुठे आहे ते कळतं,” असं तो म्हणायचा. विमान थांबलं की चंदेरी पोशाखातच चालत यायचा, बॉनेटला वळसा घालून उजव्या दाराने तिच्या शेजारी बसायचा; अमेरिकन गाडीचं चाक डावीकडे. कारखान्यातून विमानाचे जुने रुंद पट्टे आणून त्याने गाडीला बसवले होते. ते कमरेला आवळून म्हणायचा, “चला, मास्तरीणबाई.”

त्रेसष्टच्या मे महिन्यात, आजच्याच तारखेला, तो चालत आला नाही. विमान जमिनीवर आपटलं ते तिने पाहिलं. पुढे धूळच दिसली. शवपेटी बंद होती, आणि उघडू नका असं तिला सांगण्यात आलं. तिने उघडली नाही. ज्या माणसाला जमिनीवर आलेलं पाहिलं नाही, त्याला मागे टाकून गाव कसं सोडायचं, म्हणून ती सत्तावीस वर्षं इथेच राहिली. दरवर्षी या दिवशी गाडी नेऊन रेघेच्या टोकाशी दुपारपर्यंत उभी राहायची. उद्या मात्र ती ओरेगॉनला मुलीकडे, नेलकडे, कायमची जाणार होती. घर विकलं गेलं होतं. विमानाचं तिकीट पर्समध्ये होतं.

कार्यक्रम संपल्यावर हॉब ग्रेडी तिच्याकडे आला. हॉब वेंडलचा सोबती वैमानिक. वेंडल उतरताना हा आपलं विमान त्याच्या बाजूने उडवत त्याला रेडिओवर जमीन किती खाली राहिली ते सांगायचा. निवृत्त झाल्यापासून तो दर वसंतात तळ्याची माती तपासायचा. एका तीन पायांच्या तिकाटण्यावरून लोखंडी गोळा टाकायचा आणि खड्डा किती पडला त्यावरून जमीन विमान पेलेल की नाही ते सांगायचा. आज त्याच्या हातात पाईची बशी होती आणि त्याने एक घासही खाल्ला नव्हता. हॉबने गोड सोडलं म्हणजे काहीतरी बिघडलंय, एवढं तिला कळलं.

“व्हर्ना, जायच्या आधी एक दाखवायचंय. ओरडायचं नाही.”

“ओरडायची ती सातवीच्या वर्गावर. तुझ्यावर कशाला ओरडू?”

“चल तर मग, ट्रकमध्ये बस.”

सकाळी त्यानेच तिला आणलं होतं. तिची गाडी घरी गॅरेजमध्ये कुलपात होती, संध्याकाळी ती हॉबच्याच ताब्यात जायची होती. ट्रक तळ्यात उतरला. माती चाकांखाली फरशीसारखी वाजत होती.

“वेंडल गेला त्याच्या पुढच्या वसंतात,” हॉब म्हणाला, “पाणी आटल्यावर मी इथे फिरत होतो. त्याच जागी हातभर खोल खड्डा होता. म्हटलं, जुनीच जखम वर आली असेल.”

“मग?”

“त्याच्या पुढच्या वर्षी खड्डा उथळ होता. पुढे एक आपटल्याची खूण, उसळून पुन्हा आपटल्याची. त्याच्या पुढच्या वर्षी उसळी कमी. मागे चाकांऐवजी दोन घसरपट्ट्या, पुढे छोट्या चाकांची जोडी. वेंडल उडवायचा तसलं विमान आता एकच उरलंय, आणि ते संग्रहालयात छताला टांगलंय.”

व्हर्नाने गणिताच्या बाईसारखी शंका काढली. “पोरांनी केलं असेल. ट्रकला काहीतरी बांधून.”

“पहार मारली तर टवका उडत नाही या मातीचा. आणि खुणा सुरू होतात मधूनच. त्यांच्या आधी काही नाही.”

“इतकी वर्षं मला का नाही सांगितलंस?”

“काय सांगू?” हॉबचा आवाज चिरकला. “तुझा नवरा सराव करतोय म्हणून?”

तिला राग यायला हवा होता, पण राग यायलासुद्धा आत काहीतरी जागेवर असावं लागतं. तिला आठवलं, जेवणाच्या टेबलावर वेंडल हेच तर समजावायचा. एक चूक सापडली की तेवढीच सुधारायची आणि पुन्हा वर जायचं. अर्धवट चाचणी टाकून घरी येणारा माणूस या धंद्यात लायकीचा नाही, असं तो म्हणायचा. त्यावर ती म्हणायची की मग माझ्या स्वयंपाकघरातली नळाची गळती कधी सुधारणार.

“दरवर्षी बरं उतरतोय,” हॉब हळूच म्हणाला. “काल संध्याकाळी मी गोळा टाकून गेलो तेव्हा यंदाची खूण नव्हती. आज पहाटे आहे.”

त्याने ट्रक थांबवला.

उन्हात खूण स्वच्छ दिसत होती. सुरुवातीला मातीला नुसती झिलई आली होती, कुणी हलक्या हाताने पुसून काढल्यासारखी. मग दोन पट्टे उमटत गेले, अगदी सरळ, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. बरंच पुढे त्यांच्या मधोमध चाकांची जोडी इतक्या हळुवार टेकली होती की माती चुरगळलीही नव्हती. हॉब टोपी काढून त्या खुणेच्या कडेने चालू लागला, आणि तोंडातल्या तोंडात बोलू लागला.

“पाच फूट... तीन... एक... टेकलास, वेंडल. टेकलास रे.”

त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. “असं लँडिंग मी जन्मात पाहिलं नाही,” तो म्हणाला. व्हर्नाला क्षणभर अभिमान वाटला, आणि लगेच त्या अभिमानाचीच भीती वाटली.

“झालं ना? आता चल,” ती म्हणाली.

“हे दाखवायला नव्हतं आणलं तुला.”

पट्टे जिथे संपत होते तिथून पावलं निघाली होती.

रुंद टाचेचे बूट. पावलं आखूड, जरा वेडीवाकडी, मधेच थांबलेली. पाय लटपटणाऱ्या माणसाची. हॉबला ते कळण्याचं कारण नव्हतं. जगात ते एकाच बाईला ठाऊक होतं.

ती पावलांच्या बाजूने चालली. पावलांवर पाय पडू नये म्हणून जपून चालली. पावलं डांबरी रेघेच्या टोकाकडे जात होती, दरवर्षी गाडी उभी असायची तिथे. आज तिथे काही नव्हतं. मोकळी पांढरी माती आणि वारा.

तरी पावलं सरळ गेली नव्हती. टोकाशी येऊन ती डावीकडे सरकली होती, मोकळ्या जागेला वळसा घालून पलीकडे गेली होती. बॉनेटभर जागा सोडून.

पलीकडच्या बाजूला दोन पावलं शेजारी शेजारी होती. त्यांच्यापुढे एकही नव्हतं. परतलेलंही नव्हतं.

“तू आज गाडी आणली नाहीस,” हॉब म्हणाला.

व्हर्ना तिथेच मातीवर बसली. हॉबने तिला उठवून ट्रकमध्ये बसवलं. घर येईपर्यंत ती पर्सच्या कडीशी चाळा करत होती. आत तिकीट होतं, आणि गॅरेजच्या कुलपाची एकुलती एक किल्ली.

“मी संध्याकाळी येतो गाडीला,” हॉब दारात म्हणाला. त्याला आत यायचं नव्हतं, ते त्याच्या तोंडावरच दिसत होतं.

“थांब जरा,” ती म्हणाली.

कुलूप जसंच्या तसं होतं. तिने दार वर सरकवलं. बाहेर अंग भाजणारं ऊन होतं आणि आतून गार हवा आली. मोजता न येण्याइतक्या उंचावरची असते तशी कोरडी, बिनवासाची हवा.

फिरोजी गाडी तिने ठेवली होती तशीच उभी होती. खोकी मागे रचलेली होती. फक्त उजव्या खिडकीची काच आतून वाफेने धुरकट झाली होती.

तिने डावं दार उघडलं. आत बसली. समोर बघतच दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर ठेवले.

मग खाली बघितलं. शेजारच्या रबरी पायपुसण्यावर पांढरी माती होती. दोन टाचांची.

घरात फोन वाजू लागला. रोज याच वेळी नेलचा असायचा.

“व्हर्ना?” हॉबने बाहेरून हाक मारली. “उचलू का मी?”

“उचल.” तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. “तिला सांग, उद्या विमानतळावर येऊ नकोस म्हणावं. मी गाडीने येते.”

“ओरेगॉनला? एवढ्या लांब? एकटी?”

ती विमानाचा तो रुंद पट्टा बघत होती. सत्तावीस वर्षं तिने तो बाकाच्या मागे खोचून ठेवला होता. आता तो लावलेला होता, शेवटच्या भोकापर्यंत सैल करून, जाड पोशाखातल्या माणसाला लागेल इतका. आणि तो रिकाम्या बाकावर पडला नव्हता. वर कमान धरून होता.

तो किंचित वर झाला. किंचित खाली. मग पुन्हा वर.