थेट विमान बंद झालं

"अहो, उडताना हे असंच वाजतं का?"

शेजारच्या माणसानं विचारलं. खुर्चीचा दांडा समजून त्यानं माझं मनगट गच्च धरलं होतं.

"वाजतं. पण तो दांडा नाही... माझा हात आहे."

तो कानापर्यंत लाल झाला. हात सोडायला मात्र जरा वेळच लावला!

लिफ्ट दुरुस्त करणारा निघाला तो. "दिवसभर विसाव्या मजल्यावर लोंबकळता आणि विमानाला घाबरता?" मला हसू आवरेना.

"लिफ्टला दोर असतो हो! याला वर कुणी धरलंय?"

मी दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देते, हे ऐकताच त्यानं ओठ मिटले. "माझे सगळे खरे आहेत," हाताआडून म्हणाला. दोन तास कसे सरले, कळलंच नाही. तो घरी परतत होता, मी बहिणीकडे आठवडाभर राहायला चालले होते. त्या आठवड्यात बहिणीला मी फारशी दिसलेच नाही.

मग दर महिन्याला तो येऊ लागला. थेट विमान होतं. सकाळी निघाला की दुपारी आमच्याकडे जेवायला. अर्धांगवायूनं बाबांचा उजवा हात गेला होता. त्यानं त्यांना डाव्या हातानं पत्ते वाटायला शिकवलं. "बाबा, रडीचा डाव खेळताय हं!" तो ओरडायचा, आणि बाबा हसायचे... कितीतरी दिवसांनी. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, आठवत नाही.

आणि ते विमानच बंद झालं. प्रवासी मिळेनात म्हणे. आता मध्येच उतरायचं, तासन्‌तास बसायचं, मग दुसरं विमान. अख्खा दिवस वाटेतच.

"तूच ये ना तिकडे, कायमची," तो म्हणाला. "बाबांनाही आण."

डॉक्टरांनी बाबांच्या प्रवासाला साफ नकार दिला. त्यानं इकडे यायचं, तर त्याच्या आईलाही त्याच्यावाचून कुणी नव्हतं.

तरी तो येत राहिला. शेवटच्या खेपेला संध्याकाळी पोचला आणि बुटांसकट कोचावर झोपला तो थेट सकाळपर्यंत. किती वाळला होता! दुपारी मी त्याला विमानतळावर सोडायला गेले. काचेवरून पाऊस ओघळत होता.

"पुढच्या महिन्यात... येऊ नकोस."

"कंटाळलीस?"

"दोनदा जीव मुठीत धरून येतोस, रे."

"चारदा. परतही जातो ना," तो हसला. मग हसू ओसरलं. "खरंच नको येऊ?"

"प्रेम आहे म्हणून सांगतेय."

"हे पहिल्यांदा म्हणालीस," तो हळूच म्हणाला, "आणि ते आज!"

त्यानं कपाळ माझ्या कपाळाला टेकवलं. मग बॅग उचलली आणि गेला. मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं, तर मी त्याला जाऊच दिलं नसतं.

घरी बाबा खिडकीपाशीच बसले होते.

"माझ्यामुळे ना?" जड जिभेनं त्यांनी विचारलं.

"नाही हो, बाबा. लांब आहे फार."

त्यांनी डाव्या हातानं शेजारची खुर्ची ओढली. मी बसले... आणि मग मात्र रडू आवरलं नाही.